अशक्त पावलांसाठी पादत्राण : कोणाला, कोणते आणि किती काळ
(समुद्रपूर येथील पालक-देणगीदार मेळाव्यातील भाषणाचा लेखी पाठ)



"मुलाचे पाय अशक्त आहेत, बूट कोणता घ्यावा?" हा प्रश्न घेऊन पालक आमच्याकडे येतात, तेव्हा पुष्कळदा खास बुटांची पेटी त्यांच्या हातात आधीच असते. आत कमान बसवलेला, टाचेशी उंचवटा दिलेला तो बूट घरच्या मिळकतीच्या मानाने महागच असतो. म्हणून आम्ही त्याच्याही आधीचा प्रश्न प्रथम घेतो : या मुलाला खास बूट हवा आहे काय?

दोन-तीन वर्षांच्या बहुतेक मुलांचे तळपाय सपाटच दिसतात. तळव्याखाली चरबीची गादी असते, सांध्यांचे बंध सैल असतात, आणि कमान हळूहळू, काही मुलांत तर दहाव्या वर्षापर्यंत, आकार घेते. मुलाला भिंतीचा आधार देऊन चवड्यांवर उभे करावे. त्या वेळी तळव्याला कमान आली, टाच किंचित आत वळली आणि पाय दुखत नसेल, तर तो लवचीक सपाट पाय होय. त्याला औषध नको आणि खास बूटही नको. अमेरिकेत १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा मुलांना तीन वर्षे सुधारक बूट व आतले आधार देऊन पाहिले. साध्या बुटांतील मुलांपेक्षा त्यांच्या पायांत वेगळा फरक पडला नाही. आपल्या देशातील अनुभव याहून बोलका आहे. मणिपालच्या डॉ. राव व डॉ. बेंजामिन जोसेफ यांनी ४ ते १३ वयोगटातील २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ साली निष्कर्ष मांडले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पायांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के आढळले. अंगणात, मातीवर अनवाणी खेळणे पावलाच्या स्नायूंना पोषकच आहे. अर्थात तुरीची धसकटे आणि विंचूकाटा असलेल्या वावरात मुलाला अनवाणी पाठवा, असे आम्ही कदापि म्हणणार नाही.

मात्र काही मुलांचे पाय खरोखरच दुबळे असतात, आणि "मोठेपणी होईल नीट" या दिलाशात त्यांची मोलाची वर्षे निघून जातात. दीड वर्ष उलटूनही चालत नाही, सतत चवड्यांवरच चालते, एकच पाय सपाट आहे, पाऊल ताठ आहे वा दुखते, चांगले चालणारे मूल वारंवार पडू लागले किंवा उठताना मांडीवर हात टेकवू लागले, तर दुकानात न जाता तपासणीस यावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळेतील मुलांची तपासणी होते. त्या पथकालाही ही लक्षणे अवश्य सांगावीत.

जन्मतः वाकड्या पावलांची गोष्ट निराळी आहे. डॉ. पोन्सेटी यांच्या पद्धतीने आठवड्या-आठवड्याला प्लास्टर बदलून पाऊल सरळ होते. पण त्यानंतर दांडीला जोडलेले बूट पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर, आणि पुढे चार वर्षांच्या वयापर्यंत झोपेत घालावे लागतात. पाऊल सरळ दिसू लागले की मूल रडते म्हणून आई-आजी ते बूट काढून ठेवतात. पाऊल पुन्हा वाकडे होण्याचे मोठे कारण हेच.

मेंदूच्या पक्षाघातामुळे किंवा स्नायू सैल असल्यामुळे ज्यांचा घोटा कोलमडतो, त्यांना पुष्कळदा पोटरीपर्यंतचा प्लास्टिकचा स्प्लिंट लागतो. अशा मुलाचा बूट घेताना स्प्लिंट सोबत न्यावा, बूट त्यावर चढवूनच पाहावा. तोंड चवड्यापर्यंत उघडणारे, पट्टा वेल्क्रोचा आणि आतला तळवा काढता येईल असा बूट सोयीचा. स्प्लिंट नसेल तर टाचेची मागची भिंत दाबून पाहावी, ती सहज चेपू नये. बूट बोटांच्या सांध्याशी वाकावा, मध्येच नव्हे. माप संध्याकाळी, मूल उभे असताना, दोन्ही पायांचे घ्यावे आणि सर्वांत लांब बोटापुढे आपल्या अंगठ्याएवढी जागा ठेवावी. दोन वर्षे पुरेल म्हणून मोठा बूट घेणे ही काटकसर अशा मुलाला मानवत नाही. सैल बुटात दुबळे पाऊल अधिकच घसरते. घरी रोज बूट काढल्यावर त्वचा पाहावी. लाल वळ अर्ध्या तासात मावळला नाही, तर स्प्लिंट घासतो आहे असे समजून तो दुरुस्तीस आणावा.

येथे देणगीदारांना एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक वाटते. समारंभात मुलाच्या पायात नवी जोडी चढते, छायाचित्र निघते. पण लहान मुलाचे पाऊल काही महिन्यांतच त्या जोडीबाहेर वाढते. दुसऱ्या जोडीच्या वेळी मदत नसली की घरचे लोक जुनीच ओढूनताणून घालतात, किंवा ती कोपऱ्यात पडते. दहा मुलांना एकेक जोडी देण्यापेक्षा तीन मुलांचा वाढीचा काळ पुरता सांभाळणे आम्हांस अधिक योग्य वाटते, मग अहवालातील लाभार्थींचा आकडा लहान दिसला तरी चालेल. एकाचा जुना स्प्लिंट दुसऱ्याला देऊ नये, कारण तो एकाच पायाच्या मापाचा असतो.

गिरड, जामकडून येणाऱ्या पालकांचा तपासणीत एक दिवस मोडतो, मजुरी बुडते, हे आम्ही जाणतो. म्हणून येताना मुलाचे जुने बूट न धुता, न फेकता तसेच आणावेत. त्यांचा तळ कोठे झिजला आहे यावरून मूल कसे चालते, हे आम्हांला पुष्कळसे कळते.