दुरुस्ती कोणाची?



आज बोलणार आहे अमेरिकेतल्या एका मास्तरांच्या संघटनेवर. तुम्ही म्हणाल, मास्तरांच्या संघटनेशी आपलं काय देणंघेणं? आहे. १९७२ साली आपण पँथर हे नाव तिथल्या काळ्या पोरांकडून घेतलं. मग त्या पोरांचं कॉलेजात पुढं काय झालं, हेही बघितलं पाहिजे.

बाबासाहेब १९१३ ला न्यूयॉर्कच्या कोलंबियात शिकायला गेले. तिथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, हार्लेममध्ये, सिटी कॉलेज आहे. तेव्हा फी नव्हती, पण मार्कांचं दार अरुंद. भोवती काळी वस्ती, वर्गात बहुतेक गोरी पोरं. २२ एप्रिल १९६९ ला काळ्या आणि पोर्तो रिकन विद्यार्थ्यांनी दक्षिणेकडचं आवार ताब्यात घेतलं. दोन आठवडे सोडलं नाही. मागण्या पाच. शहराच्या हायस्कुलांत आमचं जे प्रमाण, तेच प्रवेशात पाहिजे, ही त्यातली एक. १९७० पासून हायस्कूल पास झालेल्या प्रत्येकाला सिटी युनिव्हर्सिटीच्या कुठल्या ना कुठल्या कॉलेजात जागा मिळू लागली.

लगेच ओरड : गुणवत्ता बुडाली! ही ओरड आपल्या ओळखीची आहे. साली, भाषा बदलते, सूर तोच. खरं तर विस्कॉन्सिन विद्यापीठ १८४९ ला सुरू झालं तेच तयारीच्या वर्गानं. तेव्हा बाकावर गोरी पोरं होती, म्हणून कुणाला लाज वाटली नाही.

सिटी कॉलेजात मीना शॉनेसी नावाच्या बाई होत्या. त्यांनी नव्या पोरांचे हजारो निबंध वाचले आणि १९७७ ला पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की ही पोरं मठ्ठ नाहीत, नवखी आहेत; त्यांच्या चुकांनाही तर्क असतो, तो मास्तरानं शिकावा. ऑड्री लॉर्ड, एड्रिएन रिच यांच्यासारख्या कवयित्रीही तिथं शिकवायच्या.

देशभर असे वर्ग वाढले आणि १९७६ ला ही संघटना निघाली. नाव लांबलचक : नॅशनल असोसिएशन फॉर रेमेडियल/डेव्हलपमेंटल स्टडीज इन पोस्टसेकंडरी एज्युकेशन. मधली ती तिरकी रेघ बघा. रेमेडियल म्हणजे उपाय, औषध. म्हणजे पोरगा रोगी. मी शिकत होतो त्या कॉलेजात बोर्डावर 'रेमेडियल'ची यादी लागायची. नावं सगळी आपल्या वस्त्यांतली. गर्दी पांगल्याशिवाय मी ती वाचत नसे. ऐंशीच्या दशकात संघटनेनं रेमेडियल हा शब्द टाकला, डेव्हलपमेंटल ठेवला. नुसती डागडुजी नको, माणूस घडवू. हे चांगलंच केलं. ज्या वर्गांना कॉलेजात कुणी विचारत नव्हतं, तिथल्या मास्तरांना तिनं मान मिळवून दिला. मी ते नाकारत नाही.

पण १९७५ ला शहर दिवाळखोरीच्या काठावर गेलं आणि १९७६ सालीच सिटी युनिव्हर्सिटीनं १२९ वर्षांचं फुकट शिक्षण बंद करून फी लावली. दार उघडलं आणि सहा वर्षांत उंबऱ्यावर पैसे मागायला लागले. इतर कॉलेजांतही त्या तयारीच्या वर्गांची फी भरायची, पण ते पदवीत मोजायचे नाहीत. एक पायरी, दुसरी, तिसरी. कितीतरी पोरं जिन्यातच गळाली. मग १९९९ ला सिटी युनिव्हर्सिटीनं चार वर्षांच्या कॉलेजांतले वर्ग बंद करायचं ठरवलं. २०१३ ला फ्लोरिडानं ते बहुतेकांना ऐच्छिक केले, २०१७ ला कॅलिफोर्नियानं कायदा करून कॉलेजांचा हात आखडला. पोरांना थेट पदवीच्या वर्गात बसवा, सोबत मदत द्या, असा नवा विचार. विचार बरा आहे. मदत काढून घेतली तर मात्र तो नुसता बाहेरचा रस्ता.

२०१९ ला संघटनेनं पुन्हा नाव बदललं : नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर स्टुडंट सक्सेस. डेव्हलपमेंटलही गेलं.

तीन नावं झाली, ठेवली मास्तरांनीच. १९६९ च्या पोरांची आणखी एक मागणी होती. सीक नावाचा मदतीचा कार्यक्रम १९६५ पासून सिटी कॉलेजात चालू होता. तो कसा चालवायचा, त्यात मास्तर कोण ठेवायचा, कोण काढायचा, यात आमचा आवाज पाहिजे, असं ती म्हणत होती. सीक अजून चालू आहे. त्या मागणीवर आता आपण बोलू. कोण सुरू करतंय?