गॅदरिंगच्या पेटीतलं लुगडं

आजचा भाग शिरपूरहून, आणि विषय आहे कपडे. ऑनलाइन सेलमधले नाहीत हां. शाळेच्या स्टोअररूममध्ये ती पत्र्याची पेटी असते ना, वर्षातून एकदा गॅदरिंगच्या आधी उघडणारी, तिच्यातले.

नाटकवाले याला कपडेपट म्हणतात. शाळेत तो लेझीम आणि फुटक्या ताशाच्या शेजारी पडलेला असतो. वर मावळ्यांचे फेटे, कापसाची दाढी, भारतमातेची साडी. वरवर सगळं भंगारच. पण तळाशी हात घातला की कधी कधी खरंच जुनं कापड हाताला लागतं. सुती नऊवारी लुगडं, जरीकाठाचं उपरणं, बंद लावलेली बाराबंदी.

आता हे तिथे आलं कसं? आज गॅदरिंग म्हटलं की ड्रेपरीवाल्याकडून ड्रेस भाड्याने आणतात. पूर्वी बहुतेक ठिकाणी पोरं घरूनच आणायची. जिजाऊ व्हायचंय? आजीचं लुगडं आण. पेशवा व्हायचंय? मामांचं उपरणं आण. काही परत गेलं, काही शाळेतच राहिलं. म्हणजे ती पेटी खरं तर गावाचं कपाट आहे.

मोठ्या रंगभूमीवरही अस्सल कापडाचं वेड होतंच. बालगंधर्वांनी १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांचे शालू, पैठण्या बघून बायका तशा नेसायला लागल्या. स्टेजवरचं कापड नकलीच असतं, हा समज तेव्हाच्या काळाला लावू नका.

आणि आपला भाग तर कापडाच्या वाटेवरचाच. बुऱ्हाणपूरचं कापड सुरतेला जायचं ते खान्देशातून. १७ व्या शतकात ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच व्यापारी या रस्त्याने गेला. त्याच्या मुक्कामांच्या यादीत आपल्याच तालुक्यातलं थाळनेर आहे, पुढे चोपडा आहे. नंतर कापूस आला, गिरण्या आल्या. अमळनेरची प्रताप मिल ऐकलीच असेल.

बरं, कापड जुनं आहे हे ओळखायचं कसं? चार गोष्टी बघा.

एक, धागा. टेरिकॉट, नायलॉन हे आपल्याकडे घरोघरी पोचलं ते साधारण १९६० नंतर. म्हणजे टेरिकॉटचा सदरा कुणी ‘स्वातंत्र्यलढ्यातला’ म्हणून दाखवला, तर हसून सोडून द्या. खादी असेल तर उजेडात धरा. हातसुताचा धागा कुठे जाड, कुठे बारीक दिसतो. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. त्या काळची खादी खान्देशातल्या एखाद्या पेटीत निघाली तर नवल नाही.

दोन, शिक्का. गिरणीच्या कापडाच्या टोकाला मिलचं नाव छापलेलं असायचं. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, सरकारने कापडावर नियंत्रण आणलं आणि कापडावर किंमतही छापली जाऊ लागली. असा शिक्का सापडला तर तो धुऊन घालवू नका. कापडाचा जन्मदाखलाच तो.

तीन, खूण. कॉलरच्या आत किंवा काठाजवळ काळपट ठिपके, रेघा दिसतात. डाग वाटतो, पण ती धोब्याची खूण असू शकते. धोबी बिब्ब्याच्या रसाने खूण करायचे, ती धुतली तरी जात नाही. कपडा कुठल्या घरचा, हे त्यावरून त्यांना कळायचं.

चार, जर. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा देतात. नकलीत खाली तांबं असतं, ते झिजलं की लालसर दिसतं. आजची स्वस्त जर तर प्लास्टिकची. तपासायला काठ ओरबाडायचा नाही. सुटलेला धागा असेल तेवढाच बघायचा.

आता मुद्द्याची गोष्ट. डिसेंबर आला की साफसफाई निघते. कुणीतरी म्हणतं, हे गठुडं बोहारणीला द्या, एखादं पातेलं तरी येईल. किंवा जुनी जर घेणारा दारात येतो. तो वजनावर घेतो आणि जाळून चांदी काढतो. दोघं आपापला धंदा करतात, त्यांना काय बोलायचं? पण लुगडं गेलं की गेलं.

आणि दुसरा धोका आपणच. ‘व्हिंटेज’ म्हणून घरी न्यायचं, कापून क्रॉप टॉप शिवायचा, रील टाकायची. थांबा, भाऊ! ती शाळेची वस्तू आहे. शाळेत जडवस्तू रजिस्टर असतं. त्यातली वस्तू काढायची तर रीतसर निर्लेखन करावं लागतं. नोंद नसेल तर आधी मुख्याध्यापकांना सांगून नोंद करून घ्या.

मग आपण काय करायचं? मोबाईल आहे ना हातात. कापड स्वच्छ चादरीवर पसरा. पूर्ण फोटो, काठाचा, पदराचा, उलट्या बाजूचा, शिक्क्याचा. शेजारी पट्टी ठेवा म्हणजे माप कळेल. मग निवृत्त बाईंकडे, सरांकडे जा. “बाई, हे कुणाच्या घरचं?” एवढंच विचारा आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा, त्यांची परवानगी घेऊन. फोटो पुढेही काढता येईल, पण सांगणारं माणूस कायम थोडंच राहणार आहे?

इतिहासाचार्य राजवाडे हेच करत फिरले. लोकांच्या माळ्यावरची दप्तरं, जी वाण्याकडे पुड्या बांधायला चालली होती, ती त्यांनी जमवली. १९२६ साली ते धुळ्यातच वारले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. त्यांनी कागद वाचवले. आपण निदान एक पेटी तरी बघू.

ठेवताना एवढं पाळा. मशीनमध्ये धुवायचं नाही. सावलीत हवा द्यायची. धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळायचं. डांबरगोळी जरीला लागू द्यायची नाही. वर्षातून एकदा घडी बदलायची, नाहीतर रेशीम त्याच रेषेवर चिरतं. आणि गॅदरिंगला तसंच लुगडं हवं असेल तर फोटो दाखवून बाजारातून स्वस्त कापड आणा. नाचताना फाटलं तरी चालेल असं.

तर या आठवड्याचं काम: आपल्या शाळेत जा, पेटी उघडायची परवानगी मागा. जे सापडेल त्याची गोष्ट व्हॉइस नोटमध्ये पाठवा. चांगल्या गोष्टी पुढच्या भागात ऐकवतो. चला, येतो!