यवतमाळ की अमरावती?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मी म्हटले, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, मी काय बोलणार? त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी सध्या जे चालले आहे तेच बोला." आमच्या घरी गेले चार महिने एकच विषय होता. नेर सोडायचे, तर जायचे कुठे? यवतमाळला की अमरावतीला?

हा प्रश्न एकट्या माझ्या घरचा नाही. आपले नेर एकाच सडकेवर दोन शहरांच्या मध्ये आहे. एका बाजूला यवतमाळ, सुमारे ३० किलोमीटर. दुसऱ्या बाजूला नांदगाव खंडेश्वर, बडनेरा करीत अमरावती, सुमारे ६० किलोमीटर. स्टँडवर उभे राहिले की दोन्हीकडच्या गाड्या दिसतात. दरवर्षी शाळा सुरू होण्याच्या सुमारास आपल्यातली एखादी भगिनी बिऱ्हाड बांधते, आणि तिला विचारले तर म्हणते, "घरच्यांनी ठरवले." मला वाटते, ज्या घरात पाणी आपण भरतो, आजाऱ्याची उशाशी आपण बसतो, त्या घराचे गाव ठरविताना आपलाही शब्द असावा. आणि शब्द हवा तर माहिती हवी. म्हणून मी जे विचारून, हिंडून गोळा केले ते सांगते.

पुरुषमंडळी बोलू लागली की पहिला मान अमरावतीला मिळतो, आणि तो खोटा नाही. २०११ च्या जनगणनेत अमरावतीची वस्ती साडेसहा लाखांच्या घरात होती, यवतमाळची सव्वा लाखाच्याही आत. अमरावतीला १९८३ पासून महानगरपालिका आहे, त्याच वर्षी विद्यापीठ स्थापन झाले. १९२३ साली सुरू झालेले विदर्भ महाविद्यालय आहे, १९६४ चे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. बडनेऱ्याला मुंबई-हावडा मार्गाची मोठी रेल्वे आहे. १६ एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याहून मुंबईचे विमानही उडू लागले. पिण्याचे पाणी मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणातून येते. इर्विन आणि डफरीन ही सरकारी इस्पितळे तर आपल्या आज्यांच्याही तोंडी होती.

यवतमाळच्या बाजूने बोलणारे कमी. शकुंतला गाडी बंद पडली. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गावरची गाडी २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली ती कळंबपर्यंत. पाण्याचे तर विचारू नका. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या दोन्ही तलावांनी तळ गाठला, आणि शहरातल्या बायकांनी टँकरच्या मागे दिवस काढले. पुढे बेंबळा धरणातून पाणी आणण्याची मोठी योजना घेतली गेली. तरी माझे सांगणे असे की, खोली पाहायला जाल तेव्हा घरमालकाला पाण्याविषयी विचारू नका, शेजारणीला विचारा. नळ किती दिवसांनी येतो, किती वाजता येतो, उन्हाळ्यात काय करता. हे अमरावतीतही विचारा. धरण मोठे असले म्हणून आपल्या गल्लीतला नळ मोठा असतो असे नाही.

मग यवतमाळच्या पारड्यात काय आहे? एक तर ते आपल्या जिल्ह्याचे ठिकाण. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, जिल्हा न्यायालय सारे तिथे. शेताचा, वारसाचा, दाखल्याचा जो कागद जिल्ह्यापर्यंत जातो तो तिथेच जातो. दुसरे, १९८९ पासून तिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, वसंतराव नाईकांच्या नावाचे, आणि त्याचे मोठे रुग्णालय आहे. अमरावतीचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. तिसरी गोष्ट पुष्कळ जणींच्या ध्यानात येत नाही. यवतमाळची कला, वाणिज्य, विज्ञानाची महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठालाच जोडलेली आहेत. मुलगी यवतमाळला बी.एस्सी. झाली काय किंवा अमरावतीला झाली काय, पदवीच्या कागदावर विद्यापीठाचे नाव एकच.

आता आमच्या घरचे सांगते. चार एकर वावर, त्यात पराटी आणि तूर. माझे मालक ज्या दुकानात हिशेब लिहीत ते बंद झाले, म्हणून हे सारे निघाले. यवतमाळला एका अडतदुकानात काम मिळत होते, अमरावतीला एका कापडदुकानात, आणि अमरावतीचा पगार दोन हजारांनी जास्त. थोरला मुलगा दोन वर्षांपासून अमरावतीलाच कामाला आहे, चार मुलांत एक खोली घेऊन राहतो, हाताने स्वयंपाक करतो. तो म्हणे, "आई, तुम्ही सगळे इकडेच या, एकत्र राहू." मुलगी बारावीला. आणि सासूबाई ७६ वर्षांच्या, दर महिन्याला त्यांना डॉक्टरांकडे न्यावे लागते.

मी वही घेऊन बसले. दोन हजार जास्त खरे, पण खोलीचे भाडेही तिकडे जास्त. पेरणीपासून वेचणीपर्यंत मालकांना आठवड्यातून दोनदा तरी वावरात यावे लागणार. अमरावतीहून भाडे दुप्पट, वेळ दुप्पट, आणि यांना पूर्ण तिकीट. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त अर्धे तिकीट झाले ते आपल्याला, पुरुषांना नाही. ते दोन हजार हातात येण्याआधीच वाटले गेले.

पैशाचे असे बरोबरीत सुटल्यावर मी दुसरा हिशेब मांडला. आपल्या घरातले सर्वांत दुबळे माणूस कोण, आणि त्याचा दिवस कुठे सुखाने जाईल? मुलगा तरुण आहे, मालक हिंडतेफिरते आहेत, मुलगी शिकेल तिथे शिकेल. दुबळ्या त्या सासूबाई. त्यांना विचारले तर म्हणाल्या, "उमरावती मोठी हाय बाप्पा, मले थ्या गर्दीत कोन वयखते? मले गावाजवळच ठेवा." यवतमाळला त्यांची धाकटी बहीण आहे, दोन भाचे आहेत. नेरचे माणूस सकाळी निघून भेटून दुपारच्या जेवणाला परत येऊ शकते. आणि त्यांना स्वतःला नेरला यावेसे वाटले तर ७५ वर्षांवरच्यांना एस.टी. फुकट आहे, अर्ध्यापाऊण तासाच्या वाटेत त्या थकणार नाहीत.

म्हणून आम्ही यवतमाळ ठरविले. यात काही गमवावे लागत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. मुलगा अमरावतीलाच राहणार, त्याच्या ताटात आईच्या हातची भाकरी पडणार नाही, हे मला रोज बोचते. तो रागावून आठ दिवस बोलला नाही. पण एकाला जवळ घेताना दुसरा दूर राहतो, तेव्हा जो एकटा उभा राहू शकतो त्याने दूर राहावे, असे मी त्याला सांगितले. हळूहळू त्याला पटेल.

भगिनींनो, यावरून यवतमाळच चांगले असा अर्थ कोणी काढू नये. ज्या घरी वावर नाही, म्हातारे माणूस नाही, आणि मुलाला अमरावतीच्याच सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात घालायचे आहे, त्यांनी खुशाल अमरावतीला जावे. ज्यांच्या घरचे माणूस पुण्यामुंबईला नोकरीला आहे, त्यांना बडनेऱ्याची रेल्वे सोयीची. आणि केवळ मुलीच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड हलविणाऱ्यांनी आधी नीट चौकशी करावी. २०२४-२५ पासून, वर्षाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ झाली आहे. त्यात अर्धे तिकीट. यवतमाळला नेरहून जाऊन-येऊन शिकता येते. कित्येकदा न हलणे हाच शहाणपणाचा मार्ग असतो. शेजारणीने अमरावती गाठली म्हणून आपणही पेट्या भरू नयेत. दुरून डोंगर साजरे, आणि अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपल्या वडीलमाणसांनी उगीच सांगितले नाही.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपल्या गावच्या किती तरी मुली-सुना या दोन्ही शहरांत नांदत आहेत. मंडळाने एक वही करावी. कोण कोणत्या भागात राहते, तिथे पाणी कसे येते, भाडे काय, दवाखाना किती दूर, हे ज्यांची हरकत नसेल त्यांच्याकडून लिहून घ्यावे. नवी जाणारी आधी त्या वहीत पाहील, आणि पोचल्यावर निदान एका ओळखीच्या दारावर थाप मारील. नव्या गावात पहिले पंधरा दिवस बाईमाणसाला घर खायला उठते. त्या दिवसांत एक ओळखीचा आवाज कानी पडला तर मोठा आधार वाटतो.

यवतमाळच्या पानावर पहिले नाव माझे लिहा. माझे दार उघडे राहील, पाणी आले असेल तर चहाही मिळेल.