आधी घाम तपासा
(बदलापूर येथे वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

उल्हासनगर-अंबरनाथहून या उकाड्यात लोकलने आलेल्या मित्रांनो,

पत्रिकेवर विषय छापला आहे ‘फुप्फुसाच्या विकारांसाठी विषाणूंच्या साहाय्याने जनुकोपचार’. जनुक म्हणजे काय, ते दहावीच्या पुस्तकात आहे. तिथे थांबत नाही. विषाणूला पेशीत शिरण्याची कला अवगत असते. त्याची त्रासदायक जनुकं काढून टाकायची आणि त्या जागी आपल्याला हवं ते जनुक भरायचं, की झाला व्हेक्टर. तो तुमच्या ओळखीचा आहे. कोविशिल्ड घेतलेल्यांनी हात वर करा बरं. (जवळजवळ सगळे हात वर.) पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली ती लस म्हणजे चिंपांझीचा, वाढ खुंटवलेला अ‍ॅडिनोव्हायरस. व्हेक्टरच.

(मागून : “मग आमची जनुकं बदलली का?” हशा.)

नाही, आणि हसू नका, प्रश्न रास्त आहे. त्या विषाणूचा डीएनए आपल्या गुणसूत्रांत शिरावा अशी त्याची रचनाच नसते. काही दिवस प्रथिन तयार होतं, मग ते संपतं. रक्ताच्या गुठळ्यांचा दुष्परिणाम दुर्मीळ, पण खरा होता. तो मी झाकणार नाही. मात्र जनुकं बदलल्याची अफवा अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, याचा मला मनस्वी संताप येतो.

आता फुप्फुस. सिस्टिक फायब्रोसिस नावाचा आनुवंशिक रोग आहे. सीएफटीआर हे जनुक आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून सदोष आलं की पेशीतून क्षार आणि पाणी नीट ये-जा करत नाही. कफ चिकट होतो, त्यात जंतू घर करतात, आणि मूल खोकत खोकत खंगतं. १९८९मध्ये जनुक सापडलं. एकच जनुक, श्वासावाटे थेट पोहोचता येणारा अवयव, म्हणजे आता वर्ष-दोन वर्षांचा प्रश्न, असं जाणत्यांना वाटलं. १९९३मध्ये अमेरिकेत अ‍ॅडिनोव्हायरस वापरून रुग्णांवर पहिले प्रयोग झालेही.

मग अडलं कुठे? अ‍ॅडिनोव्हायरस पेशीच्या ज्या रेणूला पकडतो तो हवेकडच्या बाजूला नसतोच, खालच्या बाजूला असतो. आपण फलाटावर उभे आणि गाडीचं दार पलीकडे उघडतं, तसं. (हशा. “रोजचंच आहे!”) त्यातून शिरलाच, तर शरीर त्याला ओळखून ठेवतं आणि पुढच्या डोसला हाकलून देतं. कोविशिल्डमध्ये आपल्याला शरीराची जागी झालेली प्रतिकारशक्तीच हवी होती. इथे तीच आड येते. सप्टेंबर १९९९मध्ये जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा यकृताच्या विकारावरच्या अशाच प्रयोगात दगावला आणि सगळं क्षेत्र हादरलं.

दुसरा विषाणू एएव्ही, म्हणजे अ‍ॅडिनो-असोसिएटेड व्हायरस. सौम्य, पण त्यात जागा डीएनएच्या सुमारे ४,७०० अक्षरांची, आणि सीएफटीआरचा कामाचा मजकूरच ४,४००च्या वर. जनुक सुरू करणारा भाग बसवायचा कुठे? २०१५मध्ये एका ब्रिटिश गटाने विषाणू बाजूला ठेवून चरबीच्या थेंबांतून जनुक वर्षभर दर महिन्याला श्वासावाटे देऊन पाहिलं. फायदा झाला, पण माफक. आता त्याच गटाने लेंटिव्हायरस घेतला आहे. तो एचआयव्हीच्या कुळातला. (चुळबूळ.) घाबरू नका, रोग करणारा भाग काढलेला असतो. त्यावर सेंदाई नावाच्या विषाणूची प्रथिनं चढवली आहेत, म्हणून तो श्वासनलिकेच्या पेशीत हवेच्या बाजूने शिरतो. माणसांवरची चाचणी सुरू झाली आहे.

आणि लेंटिव्हायरस आपल्याला परका नाही. पवईच्या आयआयटीत आणि टाटा रुग्णालयात घडलेली नेक्सकार१९ ही रक्ताच्या कर्करोगावरची उपचारपद्धती त्याच्यावरच उभी आहे. २०२३मध्ये तिला मंजुरी मिळाली. म्हणजे हात आहेत, बुद्धी आहे, आणि ती बदलापूर लोकलच्या टप्प्यात आहे.

पण मी आज बोलायला आलो ते वेगळ्याच गोष्टीसाठी : सिस्टिक फायब्रोसिस ओळखावा कसा, ते सांगायला. ऑगस्ट १९४८. न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट. उन्हाने कोसळलेली मुलं रुग्णालयात येऊ लागली, आणि त्यांत या रोगाची मुलं नजरेत भरण्याइतकी जास्त. पॉल दि सांत’अ‍ॅग्नेस या डॉक्टरांनी तो धागा सोडला नाही. या मुलांच्या अंगातलं एवढं मीठ जातं कुठे? मूत्रात नाही, विष्ठेत नाही. घामात! कातडी दिसायला धडधाकट, पण घाम भलताच खारट. १९५३मध्ये त्यांनी ते छापलं. १९५९मध्ये रीतसर चाचणी आली : हातावर औषध लावून बारीकसा विद्युतप्रवाह द्यायचा, अर्धा तास घाम गोळा करायचा, क्लोराइड मोजायचं. लिटरमागे ६० मिलिमोलच्या वर गेलं, तर रोगाचा दाट संशय. सुई नाही, भूल नाही. आणि आपल्या दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. काबरा यांच्या गटाने घाम गोळा करण्याची स्वस्त देशी पद्धतही तयार केली आहे. न्यूयॉर्कच्या त्या ऑगस्टपेक्षा बदलापूरचा मे कमी तापतो का हो? आपल्याकडे या रोगाचं मूल खोकल्याआधी उन्हाळ्यातच मलूल पडू शकतं, आणि जुलाबाचं म्हणून सलाइन लावून घरी जातं.

(आयोजकांची चिठ्ठी.) दहा मिनिटं? बरं, जनुक-संपादनाचा भाग सोडतो.

हा गोऱ्यांचा रोग, असंच आपल्याकडे फार काळ शिकवलं गेलं. म्हणून मुलाला दमा म्हणतात, टीबी म्हणतात, महिनोन् महिने गोळ्या देतात. सिस्टिक फायब्रोसिसवरची, २०१९मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली तीन औषधांची गोळी मुख्यतः युरोपात बहुसंख्य रुग्णांत आढळणाऱ्या दोषासाठी बनली. भारतीय मुलांत तो दोष बराच कमी आढळतो, दोषांचे प्रकार अनेक. अख्खं नवं जनुक देणारा व्हेक्टर दोष कुठला ते विचारत नाही, म्हणून आपल्याला त्याची गरज जास्त. पण ज्या मुलाच्या रोगाला नावच नाही, त्याच्यापर्यंत कुठला व्हेक्टर पोहोचणार? २०११च्या जनगणनेत बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या तीन शहरांत मिळून नऊ लाखांवर माणसं होती. इथे हा रोग नाहीच, असं तपासल्याशिवाय कोण म्हणणार?

उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांना तपासणी का हवी, हे समजावून सांगायला नको. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराने होरपळलेल्या घरांत लग्नाआधी रक्त तपासण्याचं महत्त्व कळतं.

(“वालधुनी नदीच्या वासाने गेलेली फुप्फुसं या जनुकोपचाराने बरी होतील का?”)

नाही होणार. २०१४मध्ये वालधुनीत टाकलेल्या रसायनांच्या वायूने उल्हासनगरात लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्या फुप्फुसांचा दोष जनुकात नाही, नदीत रसायनांचा टँकर रिकामा करणाऱ्यात आहे. त्याचा बंदोबस्त कायद्याने करायचा.

वेळ संपला. पालकांनो, आजी-आजोबांनो, अंगणवाडीच्या ताईंनो, मुका घेतल्यावर बाळ खारट लागलं, भूक असून वजन वाढत नसेल, शी तेलकट आणि उग्र वासाची होत असेल, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होत असेल, तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा : “याची घामाची चाचणी करायची का?” आणि इथल्या नगरसेवकांनी, आमदारांनी ही चाचणी आपल्या सरकारी रुग्णालयात यावी म्हणून या उन्हाळ्यातच पत्र द्यावं. अर्जाचा मसुदा मी सोबत आणला आहे; जाताना दाराशी सही करा.