चंदेरी खोक्यातला बास

जपानच्या रोलँड कंपनीने 1981 साली टीबी-303 नावाचं छोटं चंदेरी यंत्र बाजारात आणलं. एकट्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी, हा हेतू. आवाज मात्र बासगिटारसारखा मुळीच नव्हता! खप झाला नाही, उत्पादन थांबलं आणि जुन्या मालाच्या दुकानांत ही यंत्रं स्वस्तात पडून राहिली. मग शिकागोच्या फ्यूचर या गटाने सूर चालू असतानाच त्याचे फिल्टरचे नॉब फिरवले. 1987 मध्ये त्यातून घडलेली रेकॉर्ड आली आणि ॲसिड हाउस या नृत्यसंगीताची लाट उसळली.

मुंबईचे वादक चरणजित सिंग तर 1982 मध्येच याच यंत्राच्या साथीने भैरवी, ललत, मालकंस वाजवून मोकळे झाले होते. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची त्यातली सोय मींडेच्या जवळची. रागांशी त्याचं जमलं ते त्यामुळेच, असं मला वाटतं.

आता त्याच्या बऱ्यापैकी स्वस्त नकला मिळतात. घरी वाजवायचं तर ऑडिओ इंटरफेसमधून आवाज थेट संगणकात घ्या. आणि हो, नॉब कुठे होते हे यंत्र लक्षात ठेवत नाही. आवाज जमला की लगेच रेकॉर्ड करा, निदान मोबाइलवर नॉबचा फोटो तरी काढून ठेवा.