जुनी मिल, दिल्लीचं कोर्ट आणि आपला कागद

(सोलापुरात युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मी गोदी कामगार. मॅट्रिक झालेला. दिवसा माल चढवतो-उतरवतो, रात्री कविता लिहितो. पण आज कविता नाही. आज कागदाबद्दल बोलायचंय. कारण न झालेल्या एका कागदानं आमची जमीन गिळली.

माझा चुलता वतनाच्या जमिनीसाठी भांडला. हायकोर्टात हरला. मग एक काळा कोट भेटला. म्हणाला, 'दिल्लीत टाकतो.' चुलत्यानं बैलजोडी विकली. दोन वर्षं 'तारीख लागंल' एवढंच ऐकलं. शेवटी कळलं, अर्ज दाखलच नव्हता. हायकोर्टाच्या निकालापासून ९० दिवसांत विशेष अनुमती अर्ज टाकायचा असतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. उशीर माफ होतो, पण कारण कोर्टाला पटवावं लागतं. चुलता त्याआधीच गेला.

सुप्रीम कोर्टाला सोलापूर काही नवं नाही. १९४९ साली आपली जुनी मिल बंद पडली. कामगार रस्त्यावर आले. १९५० च्या जानेवारीत सरकारनं वटहुकूम काढून मिलचा कारभार हाती घेतला. लगेच एक भागधारक, चिरंजितलाल चौधरी, कलम ३२ खाली थेट सुप्रीम कोर्टात गेला. ४ डिसेंबर १९५० ला तीन विरुद्ध दोन मतांनी हरला. मग द्वारकादास श्रीनिवास हा दुसरा भागधारक मुंबई हायकोर्टातून वर गेला, आणि १८ डिसेंबर १९५३ ला जिंकला. कायद्याच्या पुस्तकात सोलापूरचं नाव असं कोरलं गेलं. पण अर्जदार कोण? शेअरवाले! ज्याची चूल विझली तो साचेवाला त्या अर्जांत अर्जदार नव्हता. त्याचा घाम होता, कागद नव्हता.

याच कलमाला बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ ला घटना समितीत घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं. हृदय आपलं, आणि दाराशी उभे आपण!

म्हणून दाराची रीत शिकून घ्या. गोदीत गेटपासशिवाय माल हलत नाही, तसं तिथं 'अ‍ॅडव्होकेट-ऑन-रेकॉर्ड'शिवाय वकिलाचा अर्ज आत जात नाही. हा वकील वेगळी परीक्षा पास झालेला असतो, त्याचं ऑफिस कोर्टापासून १६ किलोमीटरच्या आत असावं लागतं. स्वतःही उभं राहता येतं, पण कोर्टाची भाषा इंग्रजी. आपले मराठी सातबारे, जबाब भाषांतर करून जोडावे लागतात. हे कसबी काम आहे. कसब्याला मजुरी द्या, पण डोळे उघडे ठेवून. अ‍ॅडव्होकेट-ऑन-रेकॉर्डचं नाव विचारा. वकीलपत्राची नक्कल घ्या. डायरी नंबर मागा. अर्जात काय लिहिलंय ते मराठीत वाचून घ्या. नंबर देत नाही तो वकील नाही, दलाल आहे.

आणि पैसा नसेल तर? १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, बाईला, कारखान्यातल्या कामगाराला फुकट वकील मिळतो. सुप्रीम कोर्टाची स्वतःची विधी सेवा समिती आहे. अर्ज इथं, जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात देता येतो. ही भीक नाही, हक्क आहे.

कागद काय करतो? सफाई कर्मचारी आंदोलनानं २००३ साली अर्ज केला. २७ मार्च २०१४ ला हुकूम झाला : १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घराला दहा लाख. २० ऑक्टोबर २०२३ च्या दुसऱ्या निकालानं गटारातल्या मरणाची भरपाई तीस लाख झाली. मेलेला परत येत नाही. गटारात उतरवणंही थांबलेलं नाही. म्हणून मी मोर्चा सोडा म्हणत नाही. मोर्चात घोषणा द्या, आणि खिशात डायरी नंबर ठेवा.

चुलत्याची बैलजोडी परत येणार नाही. तुमची तरी वाचवा.

जय भीम!