वल्हवून स्नायू वाढतात का?

शहरांतल्या बऱ्याच व्यायामशाळांत आता रोइंग मशिन, म्हणजे वल्हवण्याचं यंत्र, दिसतं. लांब रूळ, त्यावर मागेपुढे सरकणारी बैठक, पाय अडकवायच्या पट्ट्या आणि साखळीला जोडलेलं हँडल. हँडल ओढलं की पुढच्या पिंजऱ्यातलं पंख्याचं चाक घरघरायला लागतं. या यंत्राबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते: शरीरातले ऐंशी-पंच्याऐंशी टक्के स्नायू एकाच वेळी कामाला लागतात, म्हणून अंग भरायला यासारखा व्यायाम नाही. बहुतेक मोठे स्नायू कामाला लागतात हे खरं. पण त्यावरून अंग भरेल असं ठरत नाही. तासभर चाललं तर मांडीचे स्नायू तासभर राबतात, तरी मांडी वाढत नाही. वाढीसाठी स्नायूवर त्याच्या सवयीपेक्षा जास्त ताण यावा लागतो, तो ताण हळूहळू वाढवत न्यावा लागतो आणि आता आणखी एकदाही जमणार नाही, या टोकाच्या जवळपास स्नायूला पोचावं लागतं. वल्हवण्यात हे कितपत घडतं, ते मला आज तपासायचं आहे.

एक स्ट्रोक, म्हणजे हँडल एकदा ओढणं, जवळून पाहू. सुरुवातीला गुडघे छातीशी, हात सरळ. आधी पाय ढकलतात. ते सरळ होत आले की कंबरेतून धड मागे जातं. शेवटी कोपरं मागे जाऊन हँडल बरगड्यांच्या खालच्या कडेला येतं. निम्म्याहून अधिक काम पायांचं, उरलेलं बरंचसं पाठीचं, आणि हातांचा वाटा सगळ्यांत कमी. आता ताण किती येतो, याचं गणित मांडता येतं. नवशिका माणूस दर ५०० मीटरला अडीच मिनिटं या गतीने वल्हवत असेल, तर मशिनच्या हिशेबाने तो साधारण १०४ वॉट शक्ती लावतो. मिनिटाला २४ स्ट्रोक धरले, तर प्रत्येक स्ट्रोकमध्ये सुमारे २६० ज्यूल काम होतं. हँडल अंदाजे १.३ मीटर ओढलं जातं, म्हणजे सरासरी ओढ निघते २० किलो वजनाइतकी. स्ट्रोकच्या मध्यावर ती याहून बरीच जास्त असते, आणि पायांना स्वतःचं शरीरही मागे लोटायचं असल्यामुळे त्यांच्यावर आणखी थोडं येतं. तरीही खुर्चीतून हात न टेकता उठताना हेच पाय जवळपास सगळ्या शरीराचं वजन उचलतात. पासष्ट किलोच्या धडधाकट माणसाच्या मांड्यांना हे ओझं नवं नाही. खांद्यामागच्या, पाठीच्या वरच्या भागातल्या आणि कोपराखालच्या स्नायूंना मात्र तेच ओझं चांगलं जाणवण्यासारखं आहे.

म्हणून उत्तर माणसागणिक बदलतं. वर्षानुवर्षं खुर्चीत बसून काम केलेल्या, किंवा साठी ओलांडल्यावर ज्यांचे पाय बारीक होत चालले आहेत अशा माणसाला वल्हवण्याने स्नायू मिळतील, आणि ती मिळकत मुळीच किरकोळ नाही. जागेवरच्या सायकलवर झालेल्या अभ्यासांत असं दिसलं आहे की व्यायामाची सवय नसलेल्यांच्या, अगदी वृद्धांच्याही, मांडीचा स्नायू काही आठवड्यांच्या नियमित सायकलिंगने मोजता येईल इतका वाढतो. मांडीसोबत पाठही राबवणाऱ्या वल्हवण्याकडून निदान तेवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. पण पुढे ही वाढ थांबते, आणि त्याची दोन कारणं याच व्यायामाच्या घडणीत आहेत. पहिलं कारण परतीच्या हालचालीचं. जोर-बैठकांतली बैठक मारताना खाली जातानाही मांडी वजन पेलत असते. ताणाखाली लांबत जाणं हा स्नायूसाठी मोठा चेतवणारा अनुभव असतो. रोइंगमध्ये मात्र हँडल परत नेताना ओझं जवळजवळ नसतंच. दुसरं कारण दमाचं. मांड्या थकून थांबण्याआधी बहुतेकांची छाती धापा टाकू लागते. हृदय-फुप्फुसांसाठी हे उत्तमच, पण स्नायू टोकापर्यंत पोचत नाहीत.

यावर कुणी म्हणेल, मग नौकानयनपटूंची शरीरं पाहा. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर वल्हवायला शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा आला. असे रुंद पाठीचे, भक्कम मांड्यांचे खेळाडू पाहिले की वल्ह्यानेच हे घडवलं असं वाटणं स्वाभाविक आहे. पण या खेळात मुळात उंच, लांब हातापायांची माणसंच वर येतात. वरच्या पातळीवरचे खेळाडू नावेबाहेर बारबेल घेऊन स्क्वॉट आणि डेडलिफ्टही करतात. दोन हजार मीटरच्या शर्यतीसाठी लागणारी ताकद नुसत्या पाण्यावर पुरेशी तयार होत नाही, हे त्यांच्या प्रशिक्षकांना पक्कं ठाऊक आहे. याहून बोलका पुरावा हलक्या वजनगटाचा. १९९६ ते २०२४ या काळात ऑलिंपिकमध्ये हा गट होता, आणि त्यात एकाही पुरुषाचं वजन ७२.५ किलोच्या वर चालत नसे. तीच नाव, तेच अंतर, तितकाच कसून सराव, आणि शरीरं मात्र सडपातळ. वल्हवण्याने आपोआप अंग भरत असतं, तर हा वजनगट टिकवणं या खेळाडूंना अशक्य झालं असतं. आहाराला मर्यादा घातली की लाखो स्ट्रोकही वजन वाढवू शकत नाहीत.

दुसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे, आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. कोल्हापूरच्या तालमींतले पैलवान शेकड्यांनी बैठका काढतात, त्यात लोखंड कुठे असतं? बरोबर आहे. कमी वजनानेही स्नायू वाढतो, हे आताच्या संशोधनानेही मान्य केलं आहे. अट एवढीच की स्नायू पुरता थकेपर्यंत काम झालं पाहिजे. बैठकीत खाली जातानाचा भार आहे, संपूर्ण शरीराचं वजन आहे, आणि पाठीशी दूध-तूप-बदामाचा खुराक आहे. रोइंगमध्ये यातल्या पहिल्या दोन गोष्टी नाहीत, तिसरी आपल्या हातात आहे. उलट टोकाची भीतीही ऐकू येते, की दमसासाचा व्यायाम कमावलेला स्नायू खाऊन टाकतो. संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० साली दहा आठवड्यांच्या प्रयोगात वजनांच्या जोडीला सायकल आणि धावणं दिलं, तेव्हा शेवटच्या आठवड्यांत ताकद घसरली हे खरं. पण तो भार जवळजवळ रोजचा आणि अतिशय कडक होता. आठवड्यातून तीनदा वीस-वीस मिनिटं वल्हवणाऱ्याने त्या निष्कर्षाला घाबरायचं कारण नाही.

मग स्नायूसाठीच वल्हवायचं असेल तर कसं? ओझं वाढावं म्हणून पंख्याच्या बाजूचा दांडा सर्वांत वरच्या आकड्यावर, दहावर, नेऊन ठेवण्याची पद्धत आहे. पण त्याने फक्त चाकात जाणारी हवा वाढते. ओढ शेवटी तुम्ही किती जोराने ओढता यावर ठरते. त्यापेक्षा गती तीच ठेवून स्ट्रोक कमी करावेत. मिनिटाला २४ ऐवजी १८ स्ट्रोकमध्ये तेच अंतर कापलं, तर प्रत्येक स्ट्रोकमधलं काम एक तृतीयांशाने वाढतं. असे पंधरा-वीस जोरकस स्ट्रोक, मग श्वास शांत होईपर्यंत विश्रांती, पुन्हा पंधरा-वीस. त्याच्या जोडीला जोर काढावेत, कारण वल्हवण्यात हातांना ढकलण्याचं काम अजिबात नसतं आणि छाती व दंडाची मागची बाजू तशीच राहते. मांड्यांसाठी आठवड्यातून दोनदा वजन घेऊन बैठका घालाव्यात. घाई मात्र करू नये. कंबरदुखी ही नौकानयनपटूंची नेहमीची तक्रार आहे, आणि थकल्यावर पाठ गोल करून ओढलं की ती ओढवते. पहिले दोन-तीन आठवडे हलक्या हाताने पाय, धड, हात हा क्रम अंगवळणी पाडावा आणि मगच जोर वाढवावा. कंबर वाकायला लागली की त्या दिवशीचा व्यायाम तिथेच थांबवावा.